नरोत्तमभाई आणि कार्बाइडचे दोन डबे

शाळेच्या शिपायानं कार्ड हातात दिलं तेव्हा मी इंग्रजी चौथीच्या वर्गावर कविता शिकवत होतो. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे आत काय असणार ते वाचण्याआधीच कळलं. फक्त कोण, एवढंच पाहायचं राहिलं होतं. नरोत्तमभाई मुदतीच्या तापानं गेले... त्यांच्या चुलतभावानं दोन ओळींत लिहिलं होतं. भाई आमच्याच शाळेत शास्त्र शिकवत. गेली नऊ वर्षं नंदुरबारात आम्ही एका खोलीत राहत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते तापीकाठच्या आपल्या गावी गेले आणि परत आलेच नाहीत. मृत्यूचं कार्ड वाचल्यावर माणसाला रडू यावं. मला आधी काय वाटलं ते आज लिहायचंच असं ठरवून बसलो आहे, नाहीतर ह्या लेखाला काही अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता ती गोष्ट जाणणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, असं मनात आलं. आणि लगेच स्वतःचीच इतकी भीती वाटली की फळ्याला पाठ टेकून मी उभा राहिलो. मुलांना वाटलं, मास्तरांना दुःख झालं.

मी मूळचा रनाळ्याचा आणि स्वभावानं भित्रा. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आई म्हणायची, हा पाळण्यातसुद्धा एक डोळा उघडा ठेवून झोपायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागे तर त्याचा सगळा गोतावळा लागलेला. भाई नेमके उलटे. गुजर पाटलांच्या घरातला उंचापुरा माणूस, केळी-कापसाची शेती सोडून बडोद्याला रसायन शिकला आणि परत येऊन मास्तर झाला. अॅसिडाची बाटली ते आपण दुधाचा तांब्या उचलावा तशी उचलायचे. मी दाराबाहेरून म्हणायचो, भाई, जपून. ते म्हणायचे, "नाना, तू भिवाले जन्मेल शे. तुन्हा वाटाना मी बी भिऊ का?" मग हसायचे आणि बाटली मुद्दाम माझ्या नाकासमोर धरायचे.

आम्हां दोघांना बांधून ठेवलं ते एका वहीनं. शाळेत शास्त्र इंग्रजीतून शिकवायचं आणि पोरांनी ते घोकायचं, ह्याचा भाईंना मनापासून राग होता. आपल्या भाषेत रसायनाचे शब्द हवेत, त्यांचा अर्थ हवा आणि तो पदार्थ आपल्या लोकांच्या हातात कुठं येतो, कसा वापरतात, तेही हवं, असा त्यांचा हट्ट. वहीचे तीन रकाने पाडले होते... शब्द, अर्थ, वापर. शब्द घडवायचं काम माझ्याकडे, कारण मी मराठीचा मास्तर. अर्थ ते सांगणार. वापराच्या रकान्यासाठी मात्र ते गावोगाव विचारत फिरत. लोहार, रंगारी, सोनार, कुणालाही सोडत नसत.

त्या वहीत सगळ्यात जास्त खाडाखोड झाली ती 'कार्बाइड' ह्या शब्दापाशी. भाईंनी मला समजावून सांगितलं होतं की धातू आणि कर्ब, म्हणजे कोळशातलं मूळ द्रव्य, भट्टीच्या भयंकर उष्णतेत एकमेकांत मिसळून जे संयुग होतं ते कार्बाइड. हे कुळाचं नाव आहे, एकट्याचं नाही. पोलादाला कडकपणा येतो तो लोखंडाच्या कार्बाइडमुळे, आणि ते पाण्याला मुळीच दाद देत नाही. चुन्याच्या पोटात जो धातू असतो त्याचा कार्बाइड मात्र पाणी लागलं की फसफसतो, तापतो आणि जळणारा वायू सोडतो. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत बत्त्या पेटतात त्या ह्याच वायूवर. म्हणून ग्रंथात शब्दाचा अर्थ केवढा तरी मोठा आणि बाजारात तेवढा एकच राखाडी दगड. मी मोठ्या हौसेनं 'धातुकर्बिद' असा शब्द काढला. भाईंनी तो दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिला. "नाना, हाऊ शब्द आयकीसन कोनी डबा कोरडा ठेवी का?" असं विचारून त्यांनी तो खोडला. त्यांना असा शब्द हवा होता की ऐकणाऱ्याचा हात पाण्यापासून आपोआप मागे यावा. तसा शब्द मला कधीच सुचला नाही.

भाईंच्या वडिलांनी सुरतेहून दहा बत्त्या आणल्या होत्या. समाजातल्या लग्नांना त्या घरच्या म्हणून द्यायच्या, अशी त्या घराची रीत. लग्नसराई संपली की उरलेले कार्बाइडचे डबे पावसाळाभर घरात राहत. लढाई सुरू व्हायच्या आधीच्या एका श्रावणात, चार दिवसांच्या सुट्टीत, वही पुढे न्यायची म्हणून मी भाईंबरोबर त्यांच्या गावी गेलो. ओट्यालगतच्या खोलीत माझी खाट टाकली होती आणि तिच्या बरोबर वर, लाकडी माळ्यावर, पाच डबे ठेवलेले होते. भाईंनी बोट दाखवून सांगितलं, "तीन बंद शेतस, दोन उघडेल. वरच राहू दे. घरमा तेवढीच कोरडी जागा शे." मी मान डोलावली. पण अंग टाकल्यावर माझं लक्ष त्या डब्यांवरून हलेना. माळ्याची एक फळी वाकलेली होती. डबा पडला तर... गळतीचा थेंब आत गेला तर... मी जीव मुठीत धरून पडून राहिलो. सकाळी भाई शेतावर गेल्यावर मी तिपाई घेतली, झाकणं सैल असलेले ते दोन उघडे डबे खाली उतरवले आणि मागल्या दाराच्या खोलीत जमिनीवर, धान्याच्या कणगीमागे, गोणपाटाखाली लपवले. बंद डब्यांची मला भीती नव्हती, उघड्यांचीच होती. आता माझ्या डोक्यावर काही नाही म्हणून दुपारी मी छान झोपलो. भाईंना सांगितलं नाही, कारण ते हसले असते. एवढ्याशा हसण्याला मी भ्यालो.

तिसऱ्या दिवशी तापी फुगली. वरच्या अंगाला कुठं किती पडलं कोण जाणे, सकाळी नदी कापसाच्या शेतांत होती आणि दुपारी खालच्या गल्लीत. भाईंचं घर उंचवट्यावर, म्हणून लोक पोराबाळांसह, शेळ्यांसह तिकडे आले. ओटा, ओसरी, माजघर माणसांनी भरून गेलं. चुलीवर खिचडीचं मोठं पातेलं चढलं. दुपारचे तीन वाजले असतील, पण आभाळ असं कोंदलेलं की चार कंदील लावावे लागले. घराची मागची बाजू जरा उतरती होती. तिथून पाणी उंबऱ्याला टेकलं आणि बघता बघता मागल्या खोलीत शिरलं.

तापीकाठी एक रीत आहे. नदी घराच्या उंबऱ्याला आली की ती पाहुणी. तिला हाकलायचं नाही. घरातल्या वडील बाईनं दिवा ओवाळून, खणानारळानं तिची ओटी भरायची. मग ती लेकीसारखी समाधानानं परत जाते. त्या गावात नदीची पहिली ओटी भरायचा मान पिढ्यान्पिढ्या भाईंच्या घराला होता, आणि तेव्हा तो भाईंच्या मातोश्रींकडे होता. गाव त्यांना मायच म्हणे, मीही म्हणे. माय हिरवा खण, नारळ आणि पेटलेलं निरांजन ताटात घेऊन माजघरातून निघाली. मागे दहाबारा बाया, बायांच्या कडेवर पोरं. मी ओसरीच्या खांबाला धरून बघत होतो.

आणि मला वास आला. कुजलेल्या लसणीसारखा. भाईंच्या प्रयोगशाळेत हा वास मी शंभरदा घेतलेला. माझी पाचावर धारण बसली. मागल्या खोलीच्या दारातून दिसत होतं, कणगीमागचं पाणी उकळल्यासारखं बुडबुडत होतं. पाणी माझ्या डब्यांपर्यंत पोचलं होतं. त्या लहानशा बंद खोलीत वायू कोंडत होता आणि माय त्या दाराकडे दिवा घेऊन चालली होती. ओरडायचं एवढंच काम होतं. मी ओरडलो नाही, खांब तेवढा घट्ट धरला.

भाई ओट्यावर कुणाची तरी म्हातारी उचलून आणत होते. त्यांनी आत पाऊल टाकलं, नाक वर केलं आणि थबकले. ओट्यालगतच्या खोलीचं दार उघडं होतं, त्यातून त्यांनी माळ्याकडे पाहिलं. तीन डबे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्याचं पातं लवायला लागतं त्याहून जास्त वेळ लागला नसेल, पण ती नजर मी अजून पाहतो आहे. दुसऱ्या क्षणी ते माणसांना ढकलत धावले.

"माय, थांब! कार्बाइड शे पानीमा! कार्बाइड!"

एवढं वर्षभर आम्ही त्या शब्दाचा कीस काढला होता. घरात त्याला बत्तीचा दगडच म्हणत; त्या चाळीस-पन्नास माणसांत हा शब्द कळणारे आम्ही दोघं. माय थांबली नाही. भाई पुन्हा ओरडले, "मांगे सरक, हवा पेटी जाई!" माय वळून म्हणाली, "पानीमा आग कशी लागी रे? येडा व्हयना का?" आणि ती उंबऱ्यापासून दोन हातांवर असताना भाईंनी मधे उडी घेतली आणि जळतं निरांजन उघड्या तळहातानं दाबून विझवलं. ताट उलटलं. नारळ पाण्यात गेला. नदीला ओवाळायचा दिवा, सगळ्या गावादेखत, त्याच घरच्या मुलानं विझवला.

मग त्यांनी कंदील विझवले, चुलीवर पाण्याची घागर ओतली, खिडक्या उघडल्या आणि शिव्या देत, दंडाला धरून सगळ्यांना पुढल्या ओट्यावर, पावसात काढलं. एकटे मागल्या खोलीत शिरले. कमरेपर्यंत वाकून चाचपत त्यांनी एक फसफसता डबा छातीशी धरून बाहेर गल्लीच्या प्रवाहात सोडला. दुसरा केव्हाच आडवा झाला होता. बाहेर आले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत चुन्यानं भाजले होते. मी खांबाजवळच होतो. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

काही झालं नाही. स्फोट नाही, जाळ नाही, कुणी मेलं नाही. इथेच सगळं फसलं. जे घडलंच नाही त्याचा पुरावा माणसानं कुठून आणावा? लोकांनी पाहिलं ते एवढंच की नदीचा दिवा विझला, आणि त्यानंतर पाणी आणखी हातभर चढलं. खालच्या गल्लीतली घरं बसली. झिपरू आबा नावाच्या म्हाताऱ्याची बैलजोडी दावणीला बांधलेलीच बुडाली. तो आबा ओट्यावर पावसात भिजत भाईंना म्हणाला, "मास्तर, तापीमायना दिवा तू इझाडी दिन्हा. आते सारा गाव भोगी." मायनं विचारलं, पाण्यात ते काय होतं आणि कुणी टाकलं? मी समोरच होतो. 'माय, डबे मी खाली ठेवले,' एवढे पाच शब्द होते. भाई माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मन्हीच चूक व्हयनी, माय." मी मूग गिळून बसलो.

पुढच्या वर्षी गावानं ओटीचा मान दुसऱ्या घरी नेला. मायनं कुणाशी भांडण केलं नाही. पण पहिल्या ओटीच्या दिवशी ती दार लावून आत बसली, असं भाईंनीच मला एकदा सांगितलं, आणि लगेच दुसरा विषय काढला. गावात ते मान खाली घालून चालायचे. बडोद्याला शिकून पोरगं देवधर्म विसरलं, असं त्यांच्या पाठीमागे बोलत आणि त्यांना ते ऐकू येई. खोलीवर मात्र ते तसेच हसरे होते. कैकदा मी ठरवायचो, आज बोलायचं. संध्याकाळी ते वही काढून बसत, भाजल्याचे पांढरे डाग असलेल्या हातानं रकाने आखत, आणि मी निबंधाच्या वह्या तपासायला घेई. ते मला रागावतील ह्याची भीती नव्हती. ते रागावणार नाहीत, ह्याचीच होती. पुढे पुन्हा त्यांच्या गावी गेलो तेव्हा माझी खाट पुढल्या ओट्यावर, मोकळ्या हवेत टाकलेली होती. मी उशीत तोंड खुपसून पडलो.

तेराव्यानंतर मी गेलो. जाताना बाजाराला निघालेल्या गाडीत शहाद्याच्या अलीकडे एक ओळखीचे गृहस्थ भेटले आणि भाईंबद्दल बोलू लागले... "माणूस चांगला, पण त्या पुराच्या वेळी जरा..." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. घरी वहिनींनी, म्हणजे भाईंच्या पत्नीनं, वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुम्हा दोघांचीच होती ही." ओट्यावर बसून मी ती चाळली. 'कार्बाइड'पाशी माझे सगळे घडवलेले शब्द खोडलेले होते आणि मूळ शब्दच ठेवलेला होता. अर्थ: धातू व कर्ब यांचे संयुग, आपल्याकडे चुन्यातील धातूचे. वापर: बत्तीसाठी. आणि खाली, वेगळ्या शाईत: 'उंच व कोरड्या जागी ठेवावा. ज्या खोलीत ठेवला असेल तिथे पाहुण्यास झोपावयास देऊ नये, त्यास भीती वाटते. ही काळजी यजमानाने घ्यावयाची.'

मी ते तीनदा वाचलं. त्यांनी माझी चूक माझ्या नावावर कधी लावलीच नव्हती. शास्त्राच्या वहीत, वापराच्या रकान्यात, त्यांनी ती स्वतःकडे घेऊन ठेवली होती. मला त्या क्षणी वाटलं, आता मी बोललो नाही तर पुढे कधी कुठलीच खरी गोष्ट माझ्या तोंडून निघणार नाही. उठलो आणि आत जाऊन मायच्या समोर बसलो. सगळं सांगितलं. माळा, तिपाई, गोणपाट, खांब... काही गाळलं नाही. हे छापायला देणार आहे, गावानं वाचावं, मान परत द्यावा, असंही म्हणालो.

माय जमिनीकडे बघत म्हणाली, "तो म्हने मन्ही चूक. मी बी तेच खरं धरं. येक महिना त्यान्हासंगे बोलनू नही मी." मग माझ्याकडे पाहून, "मान जाई, मान येई. पन नाना, एकदाव तरी त्याले सांगाले पाह्यजे व्हतं तू." त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडलो असतो, रडलो असतो, मोकळा झालो असतो. आता मी कुणाला सांगू? तो माणूसच नाही.

दिवेलागण झाली. वहिनी देवघरापाशी आल्या. रॉकेल हल्ली लढाईमुळे रेशनच्या कार्डावर मिळतं, तेही पुरत नाही, म्हणून घरात तेलाचा एकच दिवा. त्यांनी आधी खिडकीची दोन्ही दारं उघडली, दिव्याशी उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून हवेचा वास घेतला. मी बघतच राहिलो. त्या जराशा संकोचून म्हणाल्या, पुरानंतर ह्यांनी घरातल्या सगळ्यांना ही सवय लावली, वास घेतल्याशिवाय काडी ओढायची नाही. पोरीसुद्धा तसंच करतात. "एक माय तेवढी कधी करत नाही. तिला राग येतो." वहिनींनी काडी काढली, तेवढ्यात माय भिंतीला हात देत उठली. सावकाश चालत देवघरापाशी गेली, सुनेचा काडीचा हात तिनं धरला आणि मान वर करून उभी राहिली. एक श्वास घेतला. मग आणखी एक, लांब.

"नही शे काही," ती म्हणाली. "लाव आते."